टॉवेल टाकलेली जागा

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी फलाटाला लागायच्या आत संभाजीतात्या गाडीत असत. ते कसे चढले हे कुणाला नीट दिसत नसे. गाडी वळसा घेऊन आत येत असतानाच ते तिच्या बाजूनं पळू लागत, चाकावर पाय देऊन खिडकीशी वर होत आणि खांद्यावरचा लाल काठाचा टॉवेल आत सीटवर टाकत. टॉवेल पडला की जागा झाली. दारातली रेटारेटी संपल्यावर निमगावची माणसं सावकाश वर येत आणि आपापल्या जागी बसत. ती जागा कुणी मोडत नसे. भांडायलाच निघालेला माणूसदेखील टॉवेल बघून पुढं सरके. एसटीचा हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण सरकारी कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो.

निमगाव केतकीत बाळंतपणाला निघालेली लेक असो की दवाखान्यात न्यायचा म्हातारा, घरची माणसं आधी तात्यांना निरोप धाडत. तात्या जागा धरणार, ज्याची त्याला देणार आणि स्वतः वरच्या दांड्याला धरून घरापर्यंत उभे राहणार. "तात्या, तुमी बसा की," असं कुणी म्हटलं तर म्हणत, "मला सवय हाय." गावानं त्यांना टॉवेल्या हे नाव ठेवलं होतं. तात्या त्या नावालाही ओ देत.

त्यांना हात धरून सीटवर बसवणारं माणूस एकच निघालं, ते म्हणजे त्यांची सून स्वरूपा. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्यांच्याबरोबर बारामतीहून निघाली होती. तात्यांनी खिडकीची जागा धरली. ती आली, त्यांच्या मनगटाला धरून त्यांनाच खाली बसवलं आणि म्हणाली, "मामा, आज मी उभी राहते. तुम्ही एकदा बसून बघा, कसं वाटतं." भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं, तरी तात्यांना बसल्या जागी अवघडल्यासारखं होत होतं. पण खिडकीतनं येणारं वारं त्यांच्या लक्षात राहिलं.

स्वरूपा बारामतीला आबासाहेबांच्या शाळेत विज्ञान शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की काही नाही. तिच्या मागून आलेले दोघं कायम झाले होते. ती दर वर्षी पुढच्या वर्षाची वाट बघायची. तिचा नवरा आनंद पुण्याकडं कंपनीत होता, रविवारी यायचा. घरात स्वरूपाच्या कायम नेमणुकीच्या ऑर्डरचा विषय निघाला की सगळ्यांचे डोळे तात्यांकडं वळत, कारण शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब हे मूळचे निमगावचे आणि तात्यांच्या ओळखीचे. ती ओळखही टॉवेलाचीच. आबासाहेब बारामतीला कॉलेजात जायचे तेव्हा त्यांची जागा तात्या धरत. पुढं आबासाहेब कारखान्याचे संचालक झाले, संस्था काढली, बारामतीत बंगला बांधला. तात्यांची दोन एकर होती तेवढीच राहिली. तरी स्टँडवरनं गाडी जाताना दिसले की आबासाहेब काच खाली करून हाक मारत, "काय संभ्या!" तेवढ्यावर तात्यांचा दिवस जाई.

त्याच आबासाहेबांनी एके दिवशी बंगल्यावर बोलावून घेतलं.

"संभ्या, परदेशात येतोस का?"

तात्यांना वाटलं, चेष्टा चाललीय. शेजारी हिंदुराव बसले होते, निमगावचे मोठे द्राक्षवाले. त्यांच्या तोंडाला लागणं कठीण. ते म्हणाले, "अरं, नुसता आ काय करतोस? जर्मनीला जायचंय. आबा हायत, विमलवहिनी हायत, मी हाय. वहिनींचा भाचा निहार तितंच नोकरीला हाय, तो फिरवनार. रेल्वेनं."

"मी काय करू तितं?"

"जागा धर," हिंदुराव म्हणाले आणि हसून हसून खोकले.

आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं. निहारनं कळवलं होतं की तिकडं साध्या गाड्यांना पाचजणांचं मिळून एक तिकीट निघतं. माणसं चारच होती, पाचवा त्याच तिकिटात बसत होता. आबासाहेबांचा गुडघा बदललेला, त्यांच्या पत्नी विमलवहिनींना वजन उचलायला डॉक्टरांनी बंदी केलेली. "बॅगा उचलायला घरचं मानूस असलेलं बरं," ते म्हणाले. "आन् स्वरूपाचं माझ्या डोक्यात हाय. माघारी आलो की माझा सत्तरावा वाढदिवस हाय. त्या दिवशी स्टेजवर माझ्या हातानं तिला ऑर्डर देतो."

घरी आल्यावर तात्यांनी हे सगळं सांगितलं. स्वरूपा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"मामा, ते तुम्हाला फिरायला नेत नाहीत. हमाल म्हणून नेतायत."

"हमाल तर हमाल. इमानानं जानारा हमाल निमगावात दुसरा कोन हाय, सांग बरं?"

ती हसली नाही. मग म्हणाली, "माझ्यासाठी जाऊ नका."

पण तात्या तिच्यासाठीच गेले.

तिकडं उन्हाळा होता, आणि तो उन्हाळा इंदापूरला लाजवणारा निघाला. गाड्यांच्या खिडक्या उघडत नव्हत्या, आतलं गार हवेचं यंत्र बंद. शनिवार-रविवारचं सगळं गाव डोंगराकडं आणि तळ्याकडं निघालेलं, कुणाची सायकल, कुणाचं कुत्रं, कुणाची बाळगाडी. स्टेशनात लिफ्ट बंद, तिला पट्टी लावलेली. मग आबासाहेब कठड्याला धरून एकेक पायरी उतरायचे आणि तात्या दोन बॅगा खाली ठेवून दोन बॅगांसाठी पुन्हा वर जायचे. खाली उतरून घाम पुसेपर्यंत भोंग्यातून काहीतरी पुकारायचे. निहार म्हणायचा, "काका, फलाट बदलला." की पुन्हा चढण. एक गाडी उशिरा आली म्हणून पुढची चुकायची. पुढची आली तर ती आधीच भरलेली. लघवीला जायचं तर दाराशी नाणं टाकावं लागायचं आणि नाणी निहारच्या खिशात. तात्या त्याला सारखं कसं मागणार? ते पाणीच कमी पीत.

पासपोर्ट सगळ्यांचे वहिनींच्या पर्समध्ये होते, तिकीट आबासाहेबांच्या खिशात. तात्यांच्या फोनला तिकडचं कार्ड घातलेलं नव्हतं. "तुला कुनाला फोन करायचाय? आमी हायच की," असं आबासाहेब म्हणाले होते.

आणि जागा! ती मात्र तात्यांनी धरली. गाडी थांबली, दार बाजूला सरकलं की ते खालच्या अंगानं आत घुसत, टॉवेल दोन सीटवर पसरत, तिसरीवर पिशवी, चौथीवर टोपी. तिकडची माणसं आधी बघत राहायची, मग काहीतरी बोलायची. तात्या हात जोडून म्हणायचे, "मानसं हायत, मागनं येत्यात." भाषा कळली नाही तरी हात जोडलेले बघून लोक पुढं जायचे. आबासाहेब येऊन टेकत, टॉवेलानंच मान पुसत आणि म्हणत, "संभ्या, तुझी ही विद्या हितं पन चालती की रं." त्या एका वाक्यावर तात्या पुढचे सगळे जिने चढून जात. त्यांना त्या वाक्यात स्वरूपाची ऑर्डर दिसायची. तात्या उभे राहायचे. चार जागांत चौघं. पाचवी धरायचं त्यांना सुचलं नाही आणि कुणी सुचवलंही नाही.

त्या शनिवारी एका मोठ्या तळ्याकडं जायचं होतं. बोटीचं आधीच ठरवलेलं होतं. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. लांबलचक गाडी आली. तात्यांच्या समोरच दार उघडलं. चारही बॅगा घेऊन ते आत गेले आणि समोरासमोरच्या चार सीट धरल्या. अशी जागा सबंध दौऱ्यात मिळाली नव्हती. मोठी खिडकी, मध्ये छोटं टेबल. वहिनींना उलट्या दिशेनं बसलं की मळमळतं, म्हणून त्यांची जागा तोंड पुढं करून. तात्यांनी टॉवेल नीट ताणून पसरला आणि दाराकडं बघत राहिले.

दारातनं माणसं आली आणि येतच राहिली. आबासाहेब आले नाहीत. दार मिटलं, गाडी निघाली. तात्यांना वाटलं, मागच्या दारानं चढले असतील, गर्दीतनं येतायत हळूहळू.

एक म्हातारी त्यांच्यापाशी येऊन थांबली. काठी टेकत आली होती. पाय सुजलेले, पायांत जाड पट्ट्यांच्या चपला. तिनं चार रिकाम्या सीटकडं बघितलं, मग तात्यांकडं, आणि एका सीटकडं बोट केलं.

"मानूस हाय," तात्या म्हणाले आणि हात जोडले.

तिला वाटलं असावं, ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा बोट केलं. तात्यांनी पुन्हा मान हलवली. मागचा एक तरणा माणूस चढ्या आवाजात बोलला, आणखी दोघं बोलले. कुणीतरी टॉवेल उचलायला हात घातला तर तात्यांनी टॉवेलावर दोन्ही तळवे दाबून धरले. मनात म्हणाले, आत्ता आबा आले आणि जागा नसली तर? सगळ्या दौऱ्याचं केलेलं पाण्यात जाईल. म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. वळणावर गाडी झुकली की ती तात्यांच्या अंगावर कलायची. चार सीट मोकळ्या. सगळा डबा बघत होता. जन्मात तात्यांनी कितीएक म्हाताऱ्यांना जागा धरून दिली असेल. त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

एका मोठ्या स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. भोंग्यातून पुन्हा पुन्हा काही सांगत होते. ते ऐकून डब्यातली थोडी माणसं घाईनं उतरली. तात्यांना बरं वाटलं, गर्दी हलकी झाली, आता आबा येतील. आणि खरंच, खिडकीच्या काचेबाहेर हिंदुराव दिसले! हातात मोबाईल, तोंड हसरं. तात्यांच्या जिवात जीव आला. ते उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी चारही सीट दाखवल्या, खुणेनं बोलावलं, या, या, जागा हाय! हिंदुरावांनी मोबाईल समोर धरला. फोटो काढतायत म्हणून तात्या टॉवेल सारखा करून नीट उभे राहिले. मग हिंदुरावांनी हात हलवला आणि ते मागं पळत गेले.

गाडी हलली. तात्यांनी दाराकडं बघितलं. कुणी आलं नाही.

थोड्या वेळानं तिकीट तपासणारा आला. तात्यांनी मागच्या बाजूला हात केला. "आबासाहेब... मागं... तिकीट त्यांच्याकडं." तपासणाऱ्यानं मागं बघितलं. मागच्या दाराच्या काचेपलीकडं डबा नव्हता, नुसते रूळ होते, लांब होत चाललेले. मघाच्या मोठ्या स्टेशनात गाडीचे दोन तुकडे झाले होते, आणि तात्यांना ते आत्ता कळलं.

सबंध दौऱ्यात पहिल्यांदाच ते धरलेल्या जागेवर बसले.

तपासणारा काहीतरी विचारत होता. ज्यांना त्यांनी हात जोडून पुढं घालवलं होतं ती माणसं बघत होती. कुणी खिदळलं. तात्यांनी वर बघितलं नाही. मग म्हातारीचा आवाज आला. ती तपासणाऱ्याशी बोलू लागली, बराच वेळ, मध्येच काठी आपटून. त्यानं दंडाचा कागद फाडून तात्यांच्या हातात दिला आणि पुढं गेला. पुढचं स्टेशन आल्यावर तिनं तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराकडं चला अशी खूण केली.

ते अगदी लहान स्टेशन होतं. दोन्ही बाजूंना मका. बाकडं एकच, त्याला ऊन लागून चटका बसत होता. तात्यांनी टॉवेल चार घड्या करून बाकड्यावर घातला आणि तिला हातानं दाखवलं, बसा. ती बसली. आपल्या पिशवीतनं पाव काढला, मोडला, अर्धा त्यांना दिला. तिनं तात्यांच्या फोनमधनं निहारचा नंबर बघून स्वतःच्या फोनवरनं लावला आणि त्याच्याशी तिकडच्या भाषेत बोलली. बोलता बोलता तिचा आवाज चढला. मग फोन तात्यांच्या कानाला लावला.

"तात्या, तिथंच थांबा," निहार म्हणत होता. "मी येतो. पण काका म्हणतात आधी बोट... बोटीचं ठरलंय ना. ते झालं की लगेच निघतो."

तिची गाडी आली, ती चढली नाही. त्यानंतरची आली, तीही तिनं सोडली. दोघं मक्याकडं बघत बसले. बोलायला भाषा नव्हती. तात्यांना एकच सांगायचं होतं, की मगाशी ती जागा... पण त्यासाठी हात जोडायचे तर हात जोडूनच तर तिला नाही म्हटलं होतं. अखेर तिसऱ्या गाडीला ती उठली. टॉवेल झटकला, घडी केली आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. काठी टेकत, डावा पाय ओढत ती गाडीत चढली.

निहार आला तेव्हा सूर्य मावळायला टेकला होता. हॉटेलात आबासाहेबांनी विचारलं, "बॅगा आल्या का सगळ्या?" वहिनींनी बॅगेतला लाडवांचा डबा उघडून बघितला. हिंदुराव म्हणाले, "आला का राजा! काय थाट, चार सीटवर एकटा!"

"चुकलो, आबा," तात्या म्हणाले. "मी कुटल्या डब्यात चढलो बगितलं न्हाय."

"घोळ केलास पुरता. दंड मी भरतो, बरं का," आबासाहेब म्हणाले. "आन् गावात बोलू नको. लोक हसत्यात."

निहार काही बोलेल असं क्षणभर वाटलं. तो खाली बघून बॅगांच्या चेनी लावत राहिला.

निमगावात आल्यावर तात्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त स्वरूपाला सांगितलं, तेही तिनं खोदून विचारलं म्हणून. आपण चुकलो, आबांच्या सहलीचा दिवस नासला, हे सांगितलं. मग म्हातारीचं सांगायला लागले. "ती उभी व्हती गं. चार जागा मोकळ्या, आन् मी तिला..." पाव मोडून दिला तिथपर्यंत आले आणि टॉवेल तोंडाला लावून बसले. स्वरूपा त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. सासऱ्याला असं रडताना तिनं बघितलं नव्हतं.

त्यानंतर आठवडाभरानं ती शाळेतनं आली ती चप्पल न काढताच त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात मोबाईल होता.

"मामा, तुम्ही चुकला नव्हता."

गावाच्या ग्रुपवर हिंदुरावांनी व्हिडिओ टाकला होता. शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांनी तो बघितला होता. सुरुवातीला डब्याचा आतला भाग दिसत होता. निहारचा आवाज होता. "काका, पुढचे डबे इथून वेगळे जातात. तात्यांना आणायला हवं, मी जातो." मग आबासाहेबांचा, "तू बस खाली. उठलास की जागा गेली. हिंदुराव, तुमी उभेच हाय, तुमी बगून या." मग फलाट, मग काच, आणि काचेमागं तात्या. दोन्ही हात पसरलेले, आनंदानं बोलावताहेत, या, या. हिंदुरावांचा हात हलतो, टाटा. हिंदुराव आपल्या डब्याच्या दाराशी परततात आणि पुढचे डबे चालू लागतात. "चालला! टॉवेल्या चालला! आबा, चार सीटवर एकटा चालला!" आणि मागं कुठंतरी आबासाहेबांचं हसू, ते तात्यांना कॉलेजच्या दिवसांपासून ओळखीचं होतं.

तात्यांनी एकदा बघितला. मोबाईल परत दिला.

"मी उद्या जाऊन आबासाहेबांना विचारणार आहे," स्वरूपा म्हणाली. "नको मला त्यांची ऑर्डर."

तात्यांनी तिचा हात धरला. "असं करू नको, पोरी. मी गेलो कशापायी? जिनं चढलो कशापायी? ऑर्डर हातात येऊ दे. मग तुला काय बोलायचं त्ये बोल."

ती चप्पल काढून आत गेली.

आबासाहेबांच्या वाढदिवसाला शाळेचं सभागृह भरलेलं. निमगावहून दोन गाड्या माणसं आलेली. स्टेजवर हार, शाली, टेबलावर पाकिटं. पाकिटांत ऑर्डरी होत्या आणि वरच्या पाकिटावर स्वरूपाचं नाव आहे, हे शिपायानं तात्यांना आधीच सांगितलं होतं. स्वरूपा शिक्षकांच्या रांगेत बसली होती. भाषणं लांबली, लोक चुळबुळ करू लागले. तेव्हा आबासाहेबांनी माईक घेतला.

"आमचा संभ्या कुठाय? संभाजी, वर ये. अरे, परदेशात जागा कशी धरली, सांग लोकांना!"

टाळ्या पडल्या. तात्या वर गेले. हिंदुराव पहिल्या रांगेतनं ओरडले, "टॉवेल घेऊन जा, टॉवेल!"

तात्यांनी सांगायला सुरुवात केली. गाडी आली, मी घुसलो, टॉवेल टाकला. थोडेसे लोक हसले. पण व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला, त्यात नवं काही नव्हतं. मागच्या रांगेत कुणी जांभई दिली. तात्यांनी आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेबांच्या कपाळावर बारीक आठी आली होती. त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि हात सहज पाकिटांवर ठेवला. म्हणाले, "एवढंच व्हय रं? अजून सांग की कायतरी!"

व्हिडिओत नव्हतं असं तात्यांकडं एकच होतं.

"तितं एक म्हातारी आली," ते म्हणाले.

त्यांनी कुणाची तरी काठी मागून घेतली. पाठीत वाकले. डावा पाय ओढत स्टेजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, डोळे बारीक करून, खालचा ओठ लोंबता ठेवून. मग सीटकडं बोट करून तोंडातल्या तोंडात पुटपुटले. लगेच सरळ होऊन, टॉवेलावर तळवे दाबून ओरडले, "मानूस हाय! मानूस हाय!" पुन्हा म्हातारी, पुन्हा बोट. गाडी झुकली, म्हातारी कलली. सभागृह फुटलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आबासाहेबांच्या डोळ्यांतनं पाणी आलं, ते खुर्चीच्या हातावर थापा मारत होते. "पुन्यांदा! पुन्यांदा कर!" आणि तात्यांनी पुन्हा केलं, पहिल्यापेक्षा चांगलं. आपल्याला हे इतकं जमतं हे त्यांना माहीत नव्हतं.

शिक्षकांच्या रांगेकडं त्यांनी बघितलं नाही.

मग नाव पुकारलं. स्वरूपा वर आली, आबासाहेबांच्या हातून पाकीट घेतलं, वाकून नमस्कार केला. फोटो निघाला. आबासाहेब म्हणाले, "हे तुझ्या सासऱ्याचं बक्षीस बरं का!" लोक पुन्हा हसले.

संध्याकाळी दोघं स्टँडवर आली. इंदापूरची गाडी वळसा घेऊन आत आली. तात्या सवयीनं पुढं झाले, ड्रायव्हरच्या दारानं चढले, खिडकीची जोडसीट बघून टॉवेल टाकला. एका जागेवर स्वतः बसले, खिडकीकडची तिच्यासाठी ठेवली.

माणसं चढली. स्वरूपा चढली. तात्यांनी हात वर करून तिला बोलावलं. तिनं बघितलं. ती जवळ आली, त्यांच्या शेजारी थांबली, आणि वरचा दांडा धरून उभी राहिली. पाकीट दुसऱ्या हातात.

"बस गं," तात्या म्हणाले.

ती समोर बघत होती.

"उभी का? चांगलं वारं येतंय हितनं."

भवानीनगर आलं. गाडी आणखी भरली. एक बाई कडेवर पोर घेऊन रिकाम्या जागेकडं बघत होती. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि त्यानं टॉवेलाकडं बोट केलं.

"तात्या, ही जागा कुनाची?"

तात्यांनी टॉवेलावर हात ठेवला. वर स्वरूपाकडं बघितलं. तिनं मान वळवली नाही.

"मानूस हाय," तात्या म्हणाले.